शेवट ठाऊक असूनही पुन्हा वाचावी लागणारी भयकथा

शेवट ठाऊक असलेली भयकथा माणूस पुन्हा पुन्हा का वाचतो आणि एखादी कथा त्याला इतकी जवळची कशी होते, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे पहिल्या वाचनात आपल्याला पुढे काय होणार याची भीती वाटते. पण जी कथा आयुष्यभर लागते, तिच्यात आपल्याच घरातले असे काहीतरी असते, जे बोलून दाखवायला दुसरी जागा सापडत नाही.

मी ठाण्याचा असल्यामुळे 1893 साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या कृपेने मला अशा पुस्तकांची वानवा कधी भासली नाही. नारायण धारपांच्या कथांत संकट कितीही भयंकर असले तरी त्यांचे कथानायक समर्थ धावून येतील हा दिलासा असे, आणि तो मला आजही हवासा वाटतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी तो काढून घेतला, कारण तिथले अनिष्ट बहुधा माणसाच्या मनातच दबा धरून असते. तरीही जिच्यावाचून माझे चालत नाही, ती कथा डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स या इंग्रज लेखकाची, 1902 मधली 'द मंकीज पॉ'.

हिंदुस्थानातून आलेला, तीन इच्छा पुरवणारा माकडाचा वाळका पंजा एका वृद्ध जोडप्याच्या घरी येतो. ते 200 पौंड मागतात. मुलगा कारखान्यातल्या यंत्रात सापडून मरतो आणि भरपाई म्हणून नेमके 200 पौंड हाती पडतात. मग आईच्या हट्टामुळे मुलालाच परत मागितले जाते आणि रात्री दारावर थाप पडते. वरच्या कडीला हात पुरत नाही म्हणून आई धडपडत असताना बाप जमिनीवर चाचपडत पंजा शोधतो आणि शेवटची इच्छा मागतो. दार उघडते तेव्हा बाहेर कोणीही नसते.

शाळकरी वयात मला भय वाटे ते त्या थापेचे. पुढे वडील अतिदक्षता विभागात असताना व्हेंटिलेटर लावायचा का, असे डॉक्टरांनी विचारले. 'काहीही करा, पण त्यांना परत आणा,' एवढेच आई म्हणत होती. नकार मला द्यावा लागला. तेव्हापासून कथा वाचताना माझे लक्ष दाराकडे जात नाही. ते जमिनीवर रांगणाऱ्या बापावर खिळून राहते. जेकब्सने तिसऱ्या इच्छेचे शब्द कुठेही दिलेले नाहीत. बापाने मुलाला नाकारले की मोकळे केले, याचा निवाडा तो करत नाही आणि आईला वेडी ठरवत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. सांत्वनाला आलेली माणसे 'सुटले बिचारे' असे म्हणत, त्यात माझी बाजू होती, आईची नव्हती. आणि त्या निर्णयाविषयी आम्ही दोघे आजवर बोललेलो नाही.

आपण ही कथा वाचली नसल्यास मूळ इंग्रजीतूनच वाचावी. ती लहान आहे आणि स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे विनामूल्य मिळते. तिसऱ्या भागात जिन्याखाली बापाच्या हातातली काडी विझते, तिथून पुढे मात्र सावकाश वाचावे, कारण त्या पानभर मजकुरात आई आणि बाप या दोघांचेही म्हणणे एकाच वेळी पटते.