आखाजीला लेक परदेशात एकटी

“मनी पोर आखाजीले एकलीच शे,” अमळनेरच्या एका आईने माझ्याकडे आल्या आल्या सांगितलं आणि त्यांचा गळा दाटला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी यायचं, झोक्यावर बसायचं, आमरस-पुरणपोळी खायची. ही लेक नोकरीला जर्मनीत. गेल्या वर्षी तिने पाच जणांना जेवायला बोलावलं आणि आदल्या रात्री रडत बेत मोडला. यंदा ‘नकोच’ म्हणत होती. आग्रह करू की विषय सोडू, हा आईचा प्रश्न.

लेकीशी व्हिडिओवर बोलल्यावर उलगडलं. ऑफिसातून आल्यावर एकटीने रशी (खान्देशी झणझणीत आमटी), भजी, कुरडया, पुरणपोळ्या असं अख्खं ताट मांडायला घेतलं होतं आणि फोनवर आईच्या सूचना अखंड चालू. पुरण सैल झालं, पोळ्या फुटल्या. त्यातून तिने काढलेला अर्थ फार जिव्हारी लागणारा होता: आईसारखं जमत नाही, म्हणजे माहेर सुटलं. खरं तर डाळ नीट निथळली नव्हती आणि पीठ जाड कोंड्याचं होतं. ही दोन कारणं वेगळी काढून दाखवली, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळं बोलली.

झोप-जेवण उडालं असतं, उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली असती, तर आधी तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं, म्हणून बेत आखला.

तिथीचा हट्ट सोडून शनिवार दुपार धरली. पदार्थ तीनच: पोळी, आमरस, रशी. शुक्रवारी संध्याकाळी अर्धा किलो हरभरा डाळ शिजवून अर्धा तास चाळणीत निथळायची. कट रशीसाठी ठेवायचा. अर्धा किलो गूळ घालून उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं. शनिवारी तिथलं ४०५ नंबरचं बारीक पीठ आणि कणीक निम्मी-निम्मी, सैल भिजवून तेलात तासभर मुरवायची. खापर (पोळ्या भाजायचं मातीचं भांडं) नाही, साधा तवा. आमरसाला केसर आंब्याच्या रसाचे दोन डबे. त्यात बहुधा साखर असतेच, आधी चाखायचं. कुणाला दूध-तूप चालत नाही, कशाची ॲलर्जी आहे, हे बोलावतानाच विचारायचं. रशीत काळा मसाला निम्मा, तिखट वेगळं वाटीत.

आईंना तूप पाठवायचं होतं. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणून कुरडया पाठवल्या. त्या तळायचं काम पाहुण्यांकडे. फोन एकदाच, तिथे दुपारी एक, इथे साडेचार. आणि स्वयंपाकाची एकही सूचना नाही, ही अट आईंना सगळ्यात जड गेली. ‘ताई, तुम्ही फोन झोक्यासमोर धरा,’ एवढंच सांगितलं.

पाचही जण आले. बोटाएवढी कुरडई तेलात पडताच फुलून झाऱ्याएवढी झाली, तशी सगळी कढईभोवती गोळा झाली. पोळ्या दोन फुटल्या. त्या कुणीतरी रसात बुडवून खाल्ल्या. फोनवर लेक रडली, पण उठून गेली नाही. मैत्रीण शेजारी बसून झोका बघत होती.

उरलेलं पुरण तिने फ्रीजरमध्ये टाकलंय.