क्रॅश कळवायचा तर आधी तो हातात यायला हवा

पुढे वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही गावातल्या अभ्यासिकेतले बारा जुने लॅपटॉप सांभाळता, सगळ्यांवर लिनक्स आहे. मधूनच एखादा गोठतो, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहतो, मुलं पॉवरचं बटण दाबून धरतात आणि पुन्हा चालू करतात. काय झालं ते कुणी सांगत नाही. मुलांनी क्रॅश कळवावा म्हणून काय सोय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

आधी मुलांची बाजू घेतो. त्यांनी कळवायचं तरी काय? 'सर, अडकला' याच्यापलीकडे त्यांच्या हातात काहीच नसतं. लुकलुकणारा दिवा ही कर्नल पॅनिकची (लिनक्सचा गाभा असलेला कर्नल सावरता न येणाऱ्या चुकीमुळे थांबण्याची) जुनी खूण आहे. म्हणजे कुठल्या फंक्शनमध्ये गडबड झाली, कुठला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) होता, हे सगळं कर्नलनं त्या क्षणी नोंदवलेलं असतं. पण ती नोंद मेमरीत, आणि पडद्यावर मात्र ब्राउझरचं थिजलेलं चित्र. बटण दाबलं की नोंद गेली.

मग कर्नल ती डिस्कवर का लिहीत नाही, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. पॅनिकच्या वेळी कर्नलला स्वतःवरच भरवसा उरलेला नसतो. फाइल सिस्टिमचाच कोड बिघडला असेल आणि त्याच कोडनं डिस्कवर लिहायला गेलो, तर मुलांच्या फायली खराब व्हायच्या. म्हणून तो डिस्कला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये हेच काम करत होतो. तेव्हा पॅनिक झालं की काळ्या पडद्यावर अक्षरं तरी यायची. मुलं ती प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची, सोळा सोळा अंकी पत्ते, एकेक आकडा मोजून. एवढं करूनही दोन अडचणी उरायच्या. एक म्हणजे एखादा आकडा चुकायचा. दुसरी मोठी: पडद्यावर शेवटच्या पंचवीस ओळीच मावायच्या आणि खरं कारण त्याच्या वरती सरकून गेलेलं असायचं. कर्नलमध्ये एक ऊप्स (कर्नलनं स्वतः पकडून नोंदवलेली चूक) झाला की त्याच्या धक्क्यानं पुढे आणखी तीन-चार होतात. निदानाला लागतो तो पहिला, नंतरचे त्याचेच पडसाद. एका मुलीनं तासभर बसून उतरवलेलं पान त्यामुळे निरुपयोगी ठरलं होतं. तिला ते सांगताना मला फार वाईट वाटलं. क्रॅश कळवणाऱ्या माणसाकडून टायपिंग किंवा नक्कल करून घेणारी कुठलीही पद्धत चालणार नाही, हे मी तेव्हापासून धरून बसलोय.

मोठ्या प्रणालींनी हे ओझं यंत्रावर टाकून पाहिलंय. विंडोज एक्सपीपासून मायक्रोसॉफ्टकडे क्रॅशचे अहवाल आपोआप जाऊ लागले, वापरणाऱ्यानं फक्त 'पाठवा' म्हणायचं. तिकडे एकसारखे अहवाल एकाच ढिगात पडतात, त्यामुळे कुठला दोष किती लोकांना छळतोय ते दिसतं. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं, की २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड होतात आणि अवघ्या एक टक्का दोषांमुळे निम्मे. लिनक्सकडे २००७ मध्ये इंटेलच्या आर्यन व्हान डी व्हेन यांनी कर्नलऊप्स हा प्रकल्प सुरू केला. संगणकावरचा छोटा प्रोग्राम लॉगमधला (कर्नलच्या नोंदवहीतला) ऊप्स शोधायचा, परवानगी विचारायचा आणि पाठवून द्यायचा. 'दुसऱ्या कुणीतरी कळवलंच असेल' असं समजून गप्प बसणारी शेकडो माणसं त्यामुळे मोजणीत आली. पुढे तो बंद पडला. फेडोरा आणि उबुंटू या डिस्ट्रोंची (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांची) एबीआरटी आणि अपोर्ट ही साधनं त्याच वाटेनं चालतात. पण क्रॅशनंतर लॉग शिल्लक राहिला तरच या सगळ्यांचा उपयोग, आणि तुमच्याकडे तोच राहत नाही.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. जुलै २०२४ मध्ये आलेल्या कर्नल ६.१० मध्ये डीआरएम पॅनिक नावाची सोय आली (डीआरएम म्हणजे कर्नलचा ग्राफिक्स सांभाळणारा भाग). ग्राफिक्स चालू असतानाच पॅनिक झालं, तर ड्रायव्हर त्या थिजलेल्या चित्रावर थेट संदेश रंगवतो. हे काम रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या जोसलिन फालेम्प यांचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ६.१२ मध्ये, त्यांनी तिला क्यूआर कोडची जोड दिली. मला हा गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत माणुसकीचा बदल वाटतो.

क्यूआर तर विंडोजमध्येही होता, असं कुणी म्हणेल. होता, २०१६ पासून निळ्या पडद्यावर होता. पण तो स्कॅन केला की मदतीचं एक सर्वसाधारण पान उघडायचं. तुमच्या मशीनचं काय झालं ते त्यात नसायचं. लिनक्सच्या क्यूआरमध्ये लॉगच भरलेला असतो. कर्नल आपले शेवटचे संदेश दाबून लहान करतो, त्यांचे आकडे बनवतो (क्यूआरमध्ये आकडे सर्वांत दाट बसतात, तीन अंक दहा बिटांत) आणि ते एका वेबपत्त्याच्या शेपटीला जोडतो. फोननं स्कॅन केलं की पान उघडतं आणि तो लॉग अक्षरांत वाचता येतो, कॉपी करता येतो. हे सगळं पॅनिकच्या अवस्थेत करायचं, म्हणजे नवी मेमरी मागायची सोय नाही. त्यासाठी लागणारी जागा आधीच राखून ठेवलेली असते. क्यूआर बनवणारा भाग रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय.

भाजीच्या गाडीवर क्यूआर स्कॅन करणाऱ्या मुलांना हे शिकवावं लागणार नाही.

गोपनीयतेचंही बोलायला हवं, कारण पालक विचारतील. पत्त्यात लॉग येतो तो '#' या चिन्हानंतर. ब्राउझर त्या चिन्हापुढचा भाग सर्व्हरला पाठवत नाही. लॉग मुलाच्या फोनवरच उलगडतो, आणि तो पुढे कुणाला द्यायचा हे तोच ठरवतो. आपोआप जाणाऱ्या अहवालांची दुसरी बाजू २०१३ च्या अखेरीस दिसली होती. विंडोजचे क्रॅश अहवाल अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था वाटेत पाहत होती, असं 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकानं छापलं. क्यूआरच्या पद्धतीत माणसानं स्वतः पाठवल्याशिवाय काहीच जात नाही, म्हणून मला ती जास्त आवडते.

तुमच्या बारा लॅपटॉपवर काय करता येईल? आधी कर्नल ६.१२ किंवा पुढचा आहे का पाहा आणि तुमच्या डिस्ट्रोनं हा क्यूआर पडदा त्यात बांधलाय का ते तपासा. आर्च या डिस्ट्रोनं २०२५ मध्ये तो चालू केला आणि लॉग दाखवणारं स्वतःचं पानही ठेवलं. ग्राफिक्स ड्रायव्हरनंही साथ द्यायला हवी. सुरुवातीला मोजकेच ड्रायव्हर होते, नंतर यादी वाढत गेली. पॅनिकनंतर आपोआप रीबूट होण्याची सेटिंग कुणी लावली असेल तर ती काढा, नाहीतर फोन खिशातून काढेपर्यंत पडदा गेलेला असेल. जुन्या ७६८ ओळींच्या पडद्यावर १७७ बाय १७७ चौकटींचा मोठा क्यूआर अगदी बारीक दिसतो, एकेका चौकटीला तीन-चार पिक्सेल. फोन स्थिर धरून, फ्लॅश बंद ठेवून स्कॅन करायला सांगा.

त्याच्या जोडीला पीस्टोअर (क्रॅशची नोंद रीबूटनंतरही टिकवणारी कर्नलची सोय) चालू करा. डिस्कवर लिहिता येत नाही, पण मदरबोर्डवरच्या यूईएफआयच्या (संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या) साठवणीत पॅनिकचा लॉग टाकता येतो. पुढच्या बूटला सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) तो उचलून डिस्कवर 'व्हार'मधल्या (/var) आपल्या फोल्डरमध्ये ठेवतं. काही डिस्ट्रो हे मुद्दाम बंद ठेवतात. त्यालाही कारण आहे: २०१३ मध्ये ही साठवण भरून गेल्यामुळे काही लॅपटॉप पुन्हा सुरूच होईनात. म्हणून आधी एका मशीनवर चालू करा, महिनाभर बघा. आणि जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) रीबूटनंतरही टिकेल असं ठेवा. पॅनिकपर्यंत न गेलेले साधे ऊप्स त्यात बहुतेक वेळा सापडतात. मागच्या बूटचा कर्नल लॉग काढून बघायची सवय लावून घ्या.

क्यूआर सगळं पकडणार नाही. प्रोसेसरच जागच्या जागी अडकला तर कर्नलला पॅनिक म्हणायलाही वेळ मिळत नाही. पण तुमच्याकडे दिवा लुकलुकतोय, म्हणजे पॅनिकपर्यंत तरी गाडी जाते. त्यामुळे मला आशा आहे.

लॉग हातात आले की एकच गोष्ट बघा. त्याच मशीनवर दर वेळी तेच फंक्शन दिसतंय, की दर वेळी वेगळंच? तेच असेल तर बहुतेक ड्रायव्हरचा दोष, तो डिस्ट्रोकडे कळवा. दर वेळी भलतीकडेच असेल तर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. आमच्या लॅबमधली चार मशीनं अशीच निघाली होती, रॅमच्या पट्ट्या खराब होत्या, आणि आम्ही सहा महिने कर्नलला दोष देत बसलो होतो. लॉगमध्ये कर्नल 'टेंटेड' (डागाळलेला) आहे का तेही पाहा. बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर घातलेला असेल तर विकासक पहिल्यांदा तो काढून बघायला सांगतात. ती अडवणूक समजू नका, त्या ड्रायव्हरचा सोर्स त्यांना दिसतच नाही.

एक इच्छा आहे, आणि इथे कुणी डिस्ट्रोचं काम करत असेल तर त्याच्यासाठीच लिहितोय. पॅनिकच्या पडद्यावर मराठी येणं अवघड आहे, देवनागरी जोडाक्षरं मांडायची यंत्रणा त्या क्षणी कर्नलकडे नसते. पण क्यूआरमधून उघडणारं पान हे साधं वेबपान आहे. ते मराठीत का नसावं? 'तुमच्या संगणकाची ही नोंद आहे, ती अशी पाठवा' एवढी दोन वाक्यं आणि एक बटण. आठवीतल्या मुलाला ते कळेल. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे.

तुमच्याकडून आता तीन गोष्टी हव्यात: लॅपटॉपचं मॉडेल, कुठला डिस्ट्रो आणि कर्नलचा आकडा, आणि बारापैकी नेमके कोणते गोठतात. तेच दोन-तीन असतील तर आधी रॅमच तपासू.