फ्यूजन अणुभट्टीच्या भिंतीवरचा धातूचा लेप टिकेल की नाही, हे आधी कसं तपासतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत: कोट्यवधी अंशांच्या प्लाझ्मासमोर काही मायक्रॉनचा धातूचा लेप वितळत कसा नाही, आणि तो टिकेल याची खात्री आधी कशी करतात. माझं काम व्हॅक्यूम कोटिंगचं आहे, त्यामुळे दुसऱ्यावर जास्त बोलेन.

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तापलेला वायू, अतिशय विरळ असतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीपासून दूर धरून ठेवतं. भिंतीला त्रास होतो तो दर चौरस मीटरवर किती ऊर्जा येऊन पडते याचा. सर्वात जास्त मारा डायव्हर्टर या कक्षाच्या एका खास भागावर होतो, कारण प्लाझ्मातून निसटलेले कण आणि उष्णता तिथेच वळवलेली असते. तिथे आकडा चौरस मीटरला 10 मेगावॅटच्या घरात जातो, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या दहा हजारपट. म्हणून टंगस्टन निवडतात. ते 3422 अंश सेल्सिअसला वितळतं.

पण लेप बहुतेक वेळा वितळण्याच्या कितीतरी आधीच सुटतो. खरी परीक्षा असते ती लेप आणि त्याखालचा पदार्थ यांच्यामधल्या जोडाची. माझ्या मते याचं सर्वात शिकण्यासारखं उदाहरण ब्रिटनमधल्या कलहमच्या जेट या प्रायोगिक फ्यूजन यंत्राचं आहे. त्याच्या भिंती आधी कार्बनच्या होत्या. कार्बन ट्रिटियम धरून ठेवतो आणि हे इंधन भिंतीत अडकून राहणं परवडत नाही. म्हणून 2009 ते 2011 दरम्यान आतलं अस्तर बदललं: मुख्य कक्षात प्रामुख्याने बेरिलियम, डायव्हर्टरमध्ये टंगस्टन. डायव्हर्टरच्या बऱ्याच फरशा मात्र कार्बन फायबरच्याच ठेवून त्यांच्यावर टंगस्टनचा लेप दिला.

कोणता लेप? त्यासाठी 4 ते 200 मायक्रॉन जाडीचे 14 प्रकारचे लेप म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये ग्लॅडिस या यंत्रात तपासले गेले. निर्वातात फरशीवर हायड्रोजनचा झोत सोडायचा. आधी शक्ती पायरीपायरीने वाढवत न्यायची. त्यात टिकलेल्या नमुन्यांवर चौरस मीटरला साधारण 10 मेगावॅटचे, काही सेकंदांचे 200 झोत, आणि प्रत्येक झोतानंतर फरशी गार होऊ द्यायची. हे तापणं-निवणं फार महत्त्वाचं. कार्बन फायबरची फरशी तंतूंच्या दिशेने जवळजवळ प्रसरण पावत नाही, टंगस्टन मात्र पावतं. तापताना लेप दाबला जातो आणि फुगून वर उचलला जाऊ शकतो. निवताना तो ताणला जातो आणि तंतूंना काटकोनात भेगा पडतात. साध्या ग्रॅफाइटवर उत्तम वागणारा लेप इथे नापास होऊ शकतो, म्हणून चाचणी प्रत्यक्ष वापरायच्या फरशीवरच घ्यायची असते.

यातली एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: भेग पडली म्हणजे लेप गेला असं नाही. भेगांसकट तो घट्ट चिकटलेला असेल तर उष्णता खाली पोचवत राहतो. पण एखादा तुकडा खालून सुटला की उष्णतेला वाट उरत नाही, आणि तोच तुकडा वितळतो. त्यामुळे चाचणीनंतर फरशी कापून, काप पॉलिश करून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जोड पाहतात.

अखेर निवडलेला लेप रोमानियात विकसित झालेल्या पद्धतीचा होता. त्यात मॅग्नेट्रॉन स्पटरिंग (निर्वातात आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून त्यांचा थर बसवणं) करतानाच अधूनमधून उच्च व्होल्टेजच्या विद्युत स्पंदांनी आयनांचा मारा करतात, त्यामुळे थर दाट बसतो. खाली मॉलिब्डेनमचा पातळ थर, वर 10 ते 25 मायक्रॉन टंगस्टन. तरीही तापमानाला मर्यादा राहिलीच. फार तापल्यावर खालचा कार्बन वर झिरपून टंगस्टनचं ठिसूळ कार्बाइड बनतं. म्हणून लेप दिलेल्या फरशांवर इन्फ्रारेड कॅमेऱ्यांची नजर असायची.

उष्णतेची चाचणी पुरेशी नाही, हेही सांगायला हवं. कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग झिजतो. त्यासाठी नेदरलँड्समधल्या मॅग्नम-पीएसआयसारख्या यंत्रात नमुन्यावर प्रत्यक्ष दाट प्लाझ्माचा मारा करतात. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन झोताने उष्णतेची चाचणी घेण्याची सोय आहे. तुम्ही विद्यार्थी असाल तर तिथल्या प्रकल्पांची चौकशी जरूर करा.

वीज बनवणाऱ्या अणुभट्टीत मात्र वर्षानुवर्षं झीज होणार, तिथे काही मायक्रॉन पुरणार नाहीत. म्हणूनच फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन यंत्राच्या डायव्हर्टरमध्ये लेपाऐवजी घन टंगस्टनचे ठोकळे असणार आहेत. आणि फ्यूजनमधून निघणाऱ्या 14 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांनी पदार्थाच्या आत होणारं नुकसान यातल्या कुठल्याच झोताने तपासता येत नाही. त्यासाठी स्पेनमध्ये ग्रानादाजवळ डोनेस नावाचा वेगळा न्यूट्रॉन स्रोत उभारला जातोय.