सोलापूरहून नागपूरला शिफ्ट होतोय, मुलगी सहावीत आणि मुलगा पहिलीत जाईल, शाळा कशी निवडू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नोकरी मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा पट्टा) आहे, मुलगी आतापर्यंत मराठी मिडीयमला होती, मुलगा ऑक्टोबरात सहाचा होईल आणि घर अजून घेतलं नाही. घर नाही घेतलं ते बरं केलं, अॅडमिशन पक्की होईस्तोवर घेऊही नका. मी इथल्या एका अनुदानित शाळेत क्लार्क आहे, दर जूनमध्ये बाहेरून आलेले पालक टेबलासमोर उभे राहतात आणि बरेच जण आधीच शहराच्या टोकाला बेसा नाहीतर जामठ्याकडे फ्लॅटचं अॅग्रीमेंट करून बसलेले असतात, मग पोरं रोज व्हॅनमधून पार शहरातल्या धरमपेठेपर्यंत. ऊन तुम्हाला काही नवीन नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची केली तरी सुटायच्या वेळेला ऊन चढलेलंच असते, आणि व्हॅनवाला एकेकाला सोडत सोडत लांबच्या पोराला सगळ्यात शेवटी उतरवतो.

त्यापेक्षा उलटं करा. मेट्रो सीताबर्डीहून खापरीपर्यंत जाते, मध्ये अजनी, छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर लागते. त्या पट्ट्यात घर बघा म्हणजे मोठा माणूस मेट्रोनं मिहानकडे जाईल (खापरीहून पुढची सोय कंपनीत विचारून घ्या) आणि पोरं पायी नाहीतर सायकलनं शाळेत.

मुलीला सहावीत एकदम सीबीएसई इंग्लिश मिडीयमला टाकू नका असं माझं तरी मत आहे. एकतर ते सत्र एप्रिलमध्येच सुरू होते, तुम्ही मे संपता संपता येणार, आणि इतिहास-भूगोल पण अचानक इंग्रजीत आला की हुशार पोरगी वर्गात गप्प बसून राहते, हे मी खूपदा बघितलं आहे. स्टेट बोर्डाची सेमी इंग्रजी बघा, गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. लोक तुम्हाला भवन्स, सेंटर पॉइंट, सोमलवार, हडस अशी नावं सांगतील, मोठीच नावं आहेत, पण तुम्ही जी शाळा बघाल तिथं सहावीच्या एखाद्या पोराची गणिताची वही मागा. नुसती लाल टिक आहे की चुकलेली पायरी सरांनी गोल करून बाजूला बरोबर लिहून दिली आहे, तेवढं पाहिलं तरी पुष्कळ कळते.

मुलाचं वय आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण धरतात म्हणून त्याला पहिली मिळेल, केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्च धरतात, तिथं यंदा बसणार नाही. पहिलीसाठी पोराची नाहीतर तुमची मुलाखत घेतो म्हणाले तर समजून घ्या की आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात (२००९ चा) ते चालतच नाही. डोनेशनलाही १९८७ पासून बंदी आहे, मागितलंच तर कशाचे पैसे ते पावतीवर लिहून मागायचं, बहुतेक जण तिथंच गप्प होतात.

आता कागद, आमचा अर्धा जून यातच जाते. टीसी यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही हेही त्याच कायद्यात आहे, तेव्हा टीसीवरून कोणी परत पाठवलं तर ऐकू नका. खरी अडचण आधारची. टीसीवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, की पोरगं ऑनलाइन व्हॅलिड दाखवत नाही, आणि आमची संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर ते) त्या आकड्यावर ठरते म्हणून आम्ही पालकांच्या मागे लागतो. ते सोलापूरलाच दुरुस्त करून निघा. आणि मुलीच्या शाळेला यूडायसवर (शाळांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) तिचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकायला लावा, नाहीतर इकडे नावच ओढता येत नाही. आमच्या शाळा उन्हामुळे तुमच्यापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात, तोपर्यंत तिकडचे सर कामावर आलेले असतात, पण मे महिन्यात फोन लावाल तर कोणी उचलणार नाही, म्हणून रिझल्टच्या दिवशीच हे काम उरकून घ्या.