वाचक विचारतात: कुत्र्याला घेऊन समुद्रावर आणि बेटावर

थंडी पडली की कुत्र्याला घेऊन कोकणात जाणाऱ्यांची पत्रं येऊ लागतात. बहुतेकांना 'डॉग-फ्रेंडली बीच कुठला?' हे हवं असतं. कोकणात तशी पाटी शोधत फिरण्यात अर्थ नाही. एकच किनारा सकाळी सातला कुत्र्यासाठी उत्तम असतो आणि दुपारी बारा वाजता नको नको होतो. नाव विचारण्याआधी तिथी, वेळ आणि महिना बघा.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा, ३२ किलोंचा आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला जायचंय. प्रवासात त्याला गाडीतच ठेवलं तर चालेल का? (मुलुंड)

नको. बोटीला मांडव्यापर्यंत साधारण तास लागतो आणि तेवढा वेळ गाडीचं इंजिन आणि एसी बंद असतो. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढतं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. तिकीट काढतानाच कुत्र्याचं तिकीटही जोडा, म्हणजे धक्क्यावर हुज्जत होत नाही. बोटीवर त्याला कुठे बसवायचं हे कर्मचारी सांगतात.

गडबड होते ती बहुधा रॅम्पवर. गाड्या चढताना लोखंडी पत्रा धाडधाड वाजतो, त्यात भोंगा होतो आणि कुत्रा मागे रेटा देऊन गळपट्ट्यातून डोकं काढतो. म्हणून त्या दिवशी गळपट्टा नको, छातीवरून येणारा हार्नेस हवा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट करा. गाडी बोटीवर जागेवर लागेपर्यंत कुत्रा आतच राहू द्या. हँडब्रेक लावला, इंजिन बंद झालं की मगच त्याला उतरवा. उतरताना उलटा क्रम, आधी कुत्रा गाडीत, मग रॅम्प.

निघण्याआधी तीन-चार तास पोटात अन्न नको, पाणी मात्र थोडं थोडं द्या. गाडीत हमखास उलटी करणाऱ्या कुत्र्यासाठी गोळी असते, पण ती तुमच्या पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे घ्या. घरातली माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला एरवी दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागतं. समुद्रावर ते सहज दुप्पट होतं, म्हणून चार लिटर गोडं पाणी गाडीत असू द्या.

प्रश्न : अलिबागच्या बाजूला कुठल्या किनाऱ्यावर न्यावं? कुलाबा किल्ल्यात नेता येईल का? (चिंचवड)

शनिवार-रविवारी अलिबाग, नागाव आणि काशीद टाळा. घोडागाड्या, उंट आणि वाळूवर भरधाव पळणाऱ्या मोटारी यांच्यात कुत्रा बिथरतो. घोड्याच्या मागच्या पायांशी गेला, तर लाथ बसते आणि चूक तुमचीच धरली जाते. आवास, सासवने, किहीम इथे आठवड्याच्या मधल्या दिवशी मोकळीक मिळते. आक्षीचा किनारा लांबरुंद आणि शांत आहे, पण थंडीत तिथे कुरव, सुरय, चिखल्या असे पाणपक्षी उतरतात. लांबून उडत आलेले हे पक्षी ओल्या वाळूत पोट भरत असतात. त्यांच्या थव्यात कुत्रा सोडणं म्हणजे त्यांच्या पानावरून त्यांना उठवणं. ऑक्टोबर ते मार्च आक्षीला दोरी सोडू नका.

आता वेळेचं. कोळी बांधव भरतीचा हिशोब तिथीवरून करतात, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास धरा. अर्ध्याएक तासाचा फरक पडतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा.

यातून कुत्र्यासाठी सोयीचे दिवस आपोआप निघतात. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि तिच्यानंतरचे दोन-तीन दिवस पूर्ण ओहोटी सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान येते. ऊन कोवळं, गर्दी नाही, आणि पाणी खूप आत गेल्यामुळे घट्ट ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा. कोरड्या भुसभुशीत वाळूत कुत्र्याचे पाय रुततात, जड कुत्र्यांचे सांधे दुखतात. घट्ट वाळूवर तो न दमता पळतो. अष्टमीच्या आगेमागे गेलात, तर सकाळी भरती असते आणि सुरूच्या झाडांपर्यंत चिंचोळा पट्टाच उरतो.

मात्र हेच दिवस उधाणाचे. मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो आणि पाणी परतताना सपाट किनाऱ्यावर झपाट्याने पसरतं. कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो आणि भरतीला पाण्याने वेढला जातो, तो यामुळेच. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, आत गणपतीचं देऊळ आहे. कुत्रा आत नेण्याचा हट्ट धरू नका. बाहेरच्या खडकांवर शिंपल्यांच्या धारेने पंजे चिरतात, तेव्हा तिकडेही नको. एकाने किल्ला बघावा, दुसऱ्याने कुत्र्याला घेऊन वाळूत थांबावं.

वाळू तापली आहे का, हे आपल्या हाताने बघा. तळव्याची उलटी बाजू सात सेकंद टेकवून ठेवता आली पाहिजे. मार्चनंतर नऊ वाजल्यापासून ती बहुतेक ठिकाणी टेकवत नाही.

प्रश्न : जानेवारीत वेळासला जाऊन पुढे गोव्यात मोरजीला थांबणार आहोत. पहाटे किनाऱ्यावर कुत्र्याला मोकळं सोडता येईल का? (सातारा)

या दोन्ही जागी नाही. वर पहाटेचं एवढं कौतुक केलं, पण कासवांच्या किनाऱ्यावर ते लागू नाही. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला रात्री वर येतात. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, वाळूत दीड फुटाच्या आसपास खोल. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. कुत्र्याच्या नाकाला ते घरटं ताबडतोब कळतं आणि एकदा उकरलं की सगळं गेलं. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली गावकऱ्यांच्या साथीने संवर्धनाचं काम सुरू केलं. पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमाराला. तुमच्या फेरीचीही नेमकी तीच वेळ. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे 'आमचा कुत्रा काही करत नाही' हे तिथे ऐकून घेतलं जाणार नाही.

आंजर्ले आणि गोव्यातले मांद्रे, आगोंद, गालजीबाग हेही कासवांचेच किनारे. या महिन्यांत तिथे उजाडल्यावर, दोन मीटरच्या दोरीत, पाण्याच्या कडेकडेने फिरवा. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला, तर कुत्र्याला लांब न्या आणि कासवमित्रांना किंवा वनखात्याला कळवा. गोव्यात भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या शॅकच्या हद्दी धरून असतात. नवा कुत्रा एका शॅकसमोरून दुसऱ्यासमोर गेला की भांडण जुंपतं. अशा वेळी दोरी ताणून धरू नका, ताणलेल्या दोरीने आपलाच कुत्रा जास्त चिडतो. वळा आणि आल्या वाटेने चालू लागा.

प्रश्न : कोकणकन्येने कुडाळ आणि तिथून मालवण असा बेत आहे. ट्रेनमध्ये कुत्रा सोबत राहील ना? सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीतून नेता येईल का? (डोंबिवली)

ट्रेनमध्ये कुत्रा सोबत ठेवायचा, तर फर्स्ट एसीच, आणि तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमची असेल तरच. टू एसी, थ्री एसी, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा आणि कूपे मिळावा म्हणून रेल्वेच्या आरक्षण अधिकाऱ्यांना आधीच लेखी अर्ज द्या, कारण कूपे की केबिन हे चार्ट लागल्यावरच कळतं. गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात जा. लसीकरणाचं पुस्तक, एक-दोन दिवसांतलं पशुवैद्याचं प्रमाणपत्र आणि तुमची तिकिटं दाखवायची, कुत्र्याचं वजन होतं आणि लगेजची पावती मिळते. ती पावतीच त्याचं तिकीट. कूपे मिळाला नाही, तर गार्डच्या डब्यातल्या पेटीचा पर्याय सुचवतील. पेटी अरुंद असते, आत उकडतं, मोठ्या जातीचा कुत्रा धड वळूही शकत नाही. त्यापेक्षा बेत बदला. चार्टनंतर तिकिटाचे पैसे जवळजवळ बुडाले असं धरूनच चाला.

सिंधुदुर्गाचं म्हणाल, तर नेऊ नका. किल्ला मालवणच्या समोर कुरटे बेटावर आहे. होड्या दाटीने भरतात आणि धक्का व हलती होडी यांच्यात जी फट पडते, तिथेच कुत्रा बुजतो. त्याने ऐनवेळी उडी मारली, तर दोरी धरणारा माणूसही जातो. वर सावली कमी, लोकांची ये-जा सतत आणि आत शिवराजेश्वराचं मंदिर. त्यापेक्षा तारकर्ली-देवबागला सकाळची फेरी जास्त सुखाची. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल, तिथून मात्र लांब राहा. जाळ्यातून टाकून दिलेल्या मासळीत केंड असतो. फुगलेला, काटेरी, वाळूत पडलेला. त्याचं विष वाळला तरी जात नाही. तो खाल्लेल्या कुत्र्याला आधी लाळ सुटते, मग मागचे पाय लटपटतात आणि पुढे श्वास अडखळतो. त्यावर उतारा नाही, दवाखान्यात श्वासाला आधार देणं एवढंच हाती असतं. म्हणून लक्षणांची वाट न बघता निघा. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने दुसरंच संकट ओढवतं.

प्रश्न : आम्ही साऊदॅम्प्टनला राहतो. उन्हाळ्यात कुत्र्यासह आइल ऑफ वाइटला जायचंय. तिथे नियम कडक आहेत असं ऐकलं. (इंग्लंड)

नियम आहेत, पण सरळ आहेत. बेटावरच्या गजबजलेल्या काही किनाऱ्यांवर १ मे ते ३० सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते. पाटी प्रवेशाशीच असते आणि मोडलं तर दंड होतो. बाकीचे किनारे वर्षभर खुले. कॉम्प्टनसारख्या लांब किनाऱ्याचा काही भाग बंदीत आणि काही मोकळा असतो, तेव्हा गाडी लावली त्या जागेची पाटी वाचून दिशा ठरवा. हॅनोव्हर पॉइंटला ओहोटीत डायनासोरच्या पावलांचे ठसे बघता येतात, पण कड्याखाली बसू नका, माती ढासळते. साऊदॅम्प्टन ते ईस्ट काउज गाडीची फेरी तासाभराची आणि कुत्र्याला तिकीट लागत नाही. एक लक्षात असू द्या, साऊदॅम्प्टनच्या पाण्यात दुहेरी भरती येते, म्हणजे एकाच भरतीत पाणी दोनदा माथ्याला पोचतं, तिथे पाऊणपटीचा हिशोब चालणार नाही. छापील तक्ताच वापरा.

प्रश्न : समुद्रावरून आल्यावर आमची कुत्री दोन दिवस खाजवत होती आणि तिला जुलाबही झाले. काय चुकलं असेल? (रत्नागिरी)

जुलाबाचं कारण बहुधा खारं पाणी. चेंडू लाटेतून आणताना दर खेपेला घोटभर पाणी पोटात जातं. दर १५ मिनिटांनी खेळ थांबवून गोडं पाणी पाजा, चेंडूऐवजी चपटं खेळणं घ्या, त्याने तोंड कमी उघडतं. वारंवार उलट्या, झोकांड्या किंवा झटके दिसले, तर तो मिठाचा परिणाम असू शकतो. लगेच दवाखाना गाठा.

खाजेसाठी परतल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवा, शांपू नको. बोटांच्या फटी, काखा आणि पोट कोरडं करा. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान आतून पुसा, पण काडी घालू नका. मग गोचीड शोधा: कानाच्या मागे, बोटांमध्ये, शेपटीच्या मुळाशी. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, काडेपेटी यातलं काहीही नको. पुढचे तीन आठवडे ताप, खाणं सोडणं, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त यांतलं काही दिसलं, तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना समुद्रावर कधी गेला होतात ती तारीख सांगा.