गॅरेजातले प्रश्न : राजदूतचा चॉपर करू का?

प्रश्न : दादा, मी देवळालीचा. काकांची राजदूत ३५० दहा वर्षं पडवीत पडलीय, इंजिन जाम नाहीये, किक बसते. मला तिचा चॉपर करायचाय, म्हणजे पुढे मूळपेक्षा सहा इंच जास्त लांब शॉकअप आणि मागे चिमटा (चाक धरणारा हलता भाग) काढून हार्डटेल, मागे शॉकअपच नाही. अंबडला एक फॅब्रिकेशनवाला वेल्डिंग मारून द्यायला तयार आहे. करू का?

उत्तर : आधी काकांना विचारलंस का भाऊ? कारण मी काका असतो तर तुला पडवीतच बांधून ठेवला असता. राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी ३५०, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून जेमतेम सहा-सात वर्षं बनवली, तेव्हा पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नावं ठेवली आणि आता तीच माणसं ओरिजनल टाकी शोधत फिरतात. ती कापायची नाही, बस. अमेरिकेत १९६९ ची होंडा सीबी ७५० लोकांनी भरपूर कापली हे खरंय, पण तिकडे त्या ढिगाने होत्या, तुझ्याकडे एक आहे आणि तीही काकांची.

आता शॉकअपचं, हे नीट वाच कारण इथेच सगळे फसतात. हँडलचा दांडा ज्या रेषेत तिरका आहे ती रेष खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक टेकतं त्याच्या थोडी पुढे लागते, त्या दोन ठिकाणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाकाची त्रिज्या ३०० मिमी, टी (शॉकअप धरून ठेवणारी पट्टी) चा ऑफसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यापासून शॉकअप जेवढे पुढे ते अंतर, ५० मिमी आणि उभ्या रेषेपासून तिरकेपणा २७ अंश धरला तर ट्रेल येतो साधारण ९७ मिमी. तोच तिरकेपणा ४० अंश केला की ट्रेल जातो १८६ वर, जवळपास दुप्पट. हायवेला अशी गाडी सरळ जाते, मजा येते, पण हळू चालवताना हँडल आपोआप एका बाजूला पडायला बघतं. मी माझी जुनी केबी १०० अशीच ताणली होती, द्वारका सर्कलला सिग्नल सुटल्यावर यू-टर्न मारताना हँडल जे पडलं ते मला घेऊनच पडलं, मागे रिक्षावाला इतका हसला की हॉर्न वाजवायचं विसरला. यावर उपाय म्हणून तिरक्या टी मिळतात, त्याने ट्रेल कमी होतो, पण आकडेमोड न करता बसवल्या तर इतका कमी होतो की स्पीडला हँडल थरथरतं, ते तर जास्त वाईट.

आणि फ्रेमला हात न लावता नुसते सहा इंच जास्त लांब शॉकअप टाकलेस तर गाडी नाक वर करून उभी राहते, पाच-सहा अंश. इंजिन तिरकं, कार्ब्युरेटरची फ्लोट लेव्हल (आतल्या पेट्रोलची पातळी) तिरकी, मग गाडी पेट्रोल ओकते आणि आपण प्लग बदलत बसतो.

हार्डटेलबद्दल एकच, पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते आठव आणि मग मणक्याला विचार.

खुमखुमी भागवायचीच असेल तर सेकंडहँड यामाहा एन्टायसर बघ, नाहीतर बजाजची १७५ सीसी एलिमिनेटर, इंजिन कावासाकीचं. दोन्हींची सीट मुळातच खाली आणि शॉकअप तिरके, सिंगल सीट, छोटा मडगार्ड, उंच हँडल एवढ्यातच रूप येतं आणि सगळं नटबोल्टवर, उद्या परत काढता येतं.

प्रश्न : पेठ रोडला आरटीओत चॉपर पास होतो का? मित्र म्हणतो रंग बदलला तरी दंड आहे. (सातपूर)

उत्तर : मित्राचं अर्धं खरं. रंग बदलता येतो, आरसी बुकात नोंद करून घ्यायची. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी पडेल असा बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच धरून ठेवलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दंड एका बदलाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बदलाला हं, गाडीला नाही, मोजून बघ. चासी नंबर बहुतेक जुन्या गाड्यांना हँडलखालच्या पाइपवरच ठोकलेला असतो, म्हणजे तिरकेपणा वाढवायला जिथे कापतात तिथेच. तो गेला की १५ वर्षांनंतरच्या पासिंगला कशाच्या जोरावर उभा राहणार? शिवाय अपघात झाला तर विमावाले आधी फोटो मागतात.

प्रश्न : एप हँगर (हात वर करून धरायचं उंच) हँडल लावलं, आता डावीकडे वळवलं की गाडी रेस होते. कार्ब्युरेटर खराब झाला का? (नाशिकरोड)

उत्तर : नाही हो, एक्सलेटरची केबल आखूड पडतेय. हँडल उंच गेलं पण केबल तीच ठेवली ना? तसंच क्लच आणि ब्रेकचंही बघा. लांब केबल बनवून घ्या, वायरी वाढवल्या असतील तर नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा. मग गाडी स्टँडवर न्यूट्रलला चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आवाज जरा जरी वाढला तर परत केबलवाल्याकडे. तोवर गाडी घराबाहेर काढू नका.