आजोबांचा जन्म पोर्तुगीज काळातला असेल, तर नातवाला पोर्तुगालचे नागरिकत्व मिळते का?

तुमचा प्रश्न असा की, आजोबांचा जन्म १९४४ साली गोव्यातील फोंडा तालुक्यात झाला आणि ते हयात आहेत, वडील १९७० चे, तुम्ही १९९८ चे. मावसभाऊ स्विंडनला असल्यामुळे तुम्हालाही इंग्लंडला जायचे आहे, आणि त्यासाठी पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर भारताचे नागरिकत्व व घरचे कुळागर (पोफळी-नारळाची बागायत) यांचे काय होईल. पोर्तुगीज दस्तऐवजांच्या भाषांतराच्या निमित्ताने अशी बरीच प्रकरणे माझ्या नजरेखालून गेली आहेत. नागरिकत्व मिळू शकते, पण ज्या देशासाठी तुम्ही ते मागत आहात तिथे त्याचा आता फारसा उपयोग उरलेला नाही, आणि त्याची किंमत तुम्ही समजता त्यापेक्षा मोठी आहे.

प्रथम हक्काचे मूळ पाहू. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, तरी पोर्तुगालने इथले भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस झालेल्या करारानेच. मुक्तीपूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेली माणसे पोर्तुगालच्या दृष्टीने जन्माने पोर्तुगीज होती आणि त्यांना आपले राष्ट्रीयत्व कायम राखण्याची वाट पोर्तुगीज कायद्याने खुली ठेवली. पोर्तुगीज नागरिकाच्या परदेशात जन्मलेल्या अपत्यालाही जन्माची नोंद करून राष्ट्रीयत्व मिळते, ही तरतूद १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यात आहे. त्यामुळे तुमच्या बाबतीत पोर्तुगालमध्ये काही वर्षे राहण्याची किंवा पोर्तुगीज भाषेची परीक्षा देण्याची अट येत नाही. गावात लोक ज्याला ‘लिस्बनला जन्म नोंदवणे’ म्हणतात, तेवढेच करायचे असते.

मात्र नोंदीला क्रम आहे. आजोबांचा जन्म आणि विवाह लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढल्याशिवाय वडिलांची पाळी येत नाही, आणि वडिलांचे झाल्याशिवाय तुमची येत नाही. म्हणजे पासपोर्ट तुम्हाला हवा असला, तरी आजोबा आणि वडील या दोघांनाही त्यात उतरावे लागेल. वडील सरकारी नोकरीत असतील किंवा पंचायतीच्या राजकारणात असतील तर त्यांना हे परवडेल का, हे त्यांना आधीच विचारा. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीत निवडून आलेल्या दोन आमदारांच्या नागरिकत्वावर लिस्बनमधील जन्मनोंदीवरूनच आक्षेप घेतले गेले होते. केवळ जन्म नोंदवला, पासपोर्ट काढला नाही, एवढ्याने भारतीय नागरिकत्व जाते का, हा वाद गोव्यात त्यामुळे चांगलाच गाजला. म्हणून ‘नोंदवून ठेवू, पासपोर्टचे पुढे बघू’ हा सल्ला मी कुणाला देत नाही.

आपल्या हिंदू घरांत खरी अडचण येते ती नावांची. जुन्या नोंदवहीत कारकुनाने नाव पोर्तुगीज उच्चाराप्रमाणे उतरवलेले असते: शंकर आणि शांताराम ‘एक्स’ अक्षराने सुरू होतात, कामताचे ‘कामोतिम’ होते, शेणैचे ‘सिनाय’ होते. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाने वेगळेच स्पेलिंग आले आणि आधार कार्डावर तिसरे. त्यातून आजीचे प्रकरण अधिक अवघड असते, कारण आपल्याकडे लग्नात मुलीचे नावच बदलण्याची चाल होती. जन्माच्या नोंदीत द्वारका, विवाहाच्या नोंदीत माहेरच्या आडनावासह द्वारका आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून सुशीला, अशी कागदपत्रे समोर आली की, दोघी एकच आहेत हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असूनही लिस्बनमधल्या अधिकाऱ्याला ते पटवून द्यावे लागते, आणि नुसत्या प्रतिज्ञापत्रावर ते नेहमीच भागत नाही. नोंदीतच दुरुस्ती करून घेण्याची वेळ येते आणि तिला वेळही लागतो.

वडिलांच्या जन्माची गोव्यातील नोंद कोणत्या वर्षी झाली, हेही दाखल्यावर नीट पाहा. पोर्तुगीज कायद्यात अपत्याचे नाते ते अल्पवयीन असतानाच कायदेशीररीत्या सिद्ध झालेले असावे लागते, असा नियम मुळापासून आहे. नोंद वडिलांच्या तिशीत, उशिरा करून घेतलेली असेल, तर पुढे पैसे घालण्यापूर्वी पोर्तुगीज कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून त्याबद्दल स्पष्ट उत्तर घ्या. ‘दाखल्याचे आम्ही बघून घेतो’ असे म्हणणारा एजंट भेटला, तर तिथून उठून यावे हे बरे.

आता इंग्लंड. पोर्तुगीज पासपोर्टावर गोव्यातील कुटुंबेच्या कुटुंबे स्विंडनला आणि साउथहॉलला जाऊन स्थायिक झाली, कारण तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले, मुक्त संचाराची मुदत त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपली, आणि आधीपासून तिथे राहणाऱ्यांनी वास्तव्याचा हक्क राखण्यासाठी अर्ज करण्याची सर्वसाधारण मुदत होती ३० जून २०२१. तुमच्या मावसभावाला जे मिळाले ते या तारखांच्या आधीचे आहे. आज तिथे नोकरी करायची तर पोर्तुगीज नागरिकालाही तुमच्यासारखाच कामाचा व्हिसा काढावा लागतो. आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स किंवा खुद्द पोर्तुगाल यांचा विचार असेल तर गोष्ट वेगळी: तिथे व्हिसाविना राहून काम करता येते आणि पोर्तुगालबाहेरच्या या देशांत पाच वर्षांच्या सलग कायदेशीर वास्तव्यानंतर कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. पोर्तुगालमधले किमान वेतन २०२५ साली महिना ८७० युरो होते आणि लिस्बनमधली घरभाडी पाहता ते पुरत नाही, हेही हिशेबात धरा.

भारताच्या बाजूने कायदा सरळ आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणारा भारतीय नागरिक राहत नाही; दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला की भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावे लागते आणि त्यानंतर परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून दाबोळीहून ये-जा करणारे लोक मी पाहिले आहेत; तो गुन्हा आहे आणि पकडले गेल्यावर ओसीआयचेही अवघड होते. शिवाय गोव्यात बसूनच पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, तर तुम्ही स्वतःच्या घरात व्हिसा नसलेले परदेशी ठरता, याची बहुतेकांना कल्पनाच नसते.

ओसीआय कार्ड आयुष्यभर भारतात येण्याजाण्याची आणि राहण्याची मुभा देते, परंतु मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी पदही सामान्यतः मिळत नाही. शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. कुळागर वारशाने मिळू शकते आणि ठेवताही येते. विकायचे झाल्यास मात्र ते भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावे लागते. तेव्हा शेजारच्या काकांचा वाटा विकत घेऊन पोफळी वाढवण्याचा बेत असेल, तर तो व्यवहार नागरिकत्व असतानाच उरकलेला बरा. वाटणीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याची न्यायालयीन प्रक्रिया, अजून झालेली नसेल तर तीही आताच पुरी करा, कारण गोव्याच्या वारसा कायद्यात प्रत्येक वारस, आणि विवाहित असल्यास बहुधा त्याचा जोडीदारही, प्रक्रियेत लागतो, आणि डब्लिनहून मुखत्यारपत्रे पाठवत बसण्यात वर्षे जातात.

परतीची वाट कायद्यात आहे. ओसीआय कार्डधारक म्हणून पाच वर्षे नोंद झाल्यावर आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिल्यावर पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पण तो मंजूर करणे सरकारच्या मर्जीवर आहे आणि मंजुरीनंतर पोर्तुगीज नागरिकत्व सोडावे लागते. तुमच्या जागी मी असतो तर या महिन्यात एवढेच केले असते: आजोबांच्या जन्माची व विवाहाची संपूर्ण नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडून काढली असती, जुनी वही तिथे नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारले असते, आणि आजीचे नाव दोन्हीकडे एकच आहे का ते ताडून पाहिले असते.